कावीळ झालीय असं वाटतंय? कुठल्या टेस्ट, कधी करायच्या आणि रिपोर्टमध्ये आधी काय बघायचं

पावसाळा लागला की आमच्या लॅबमध्ये काविळीचे पेशंट वाढतात, दरवर्षीचंच आहे ते. आणि रिपोर्ट हातात पडला की बहुतेक सगळे एकच विचारतात, "मॅडम, एसजीपीटी किती आलं?" ते १८०० असलं की घरातल्यांचा चेहरा उतरतो, ४०० असलं की सगळे निवांत होतात. हे उलटंही असू शकतं, म्हणून एवढं सविस्तर लिहायला बसलेय. मी डॉक्टर नाही, लॅबमध्ये काम करते, त्यामुळे औषध काय घ्यायचं ते तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. पण कुठली टेस्ट कधी करायची, सॅम्पल कसं द्यायचं, रिपोर्टमध्ये आधी कुठल्या ओळीवर बोट ठेवायचं हे मात्र मी खात्रीने सांगू शकते.

एक गोष्ट आधीच सांगते, बाकी काही वाचलं नाहीत तरी चालेल. लिव्हरला अचानक सूज आली, म्हणजे डॉक्टर ज्याला अक्यूट हिपॅटायटिस म्हणतात ते झालं, की एसजीपीटी सांगतं लिव्हरच्या पेशी आत्ता किती फुटतायत. लिव्हर काम करतंय की नाही हे ते सांगत नाही. ते सांगतो पीटी-आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट, आणि माणूस नीट शुद्धीत आहे का, नीट बोलतोय का हे. काविळीच्या रिपोर्टमध्ये आयएनआर नसेल तर तो रिपोर्ट अर्धाच आहे असं समजा.

पायरी १: कावीळ आहे का, आणि नेमकी सुरू कधी झाली

डोळे दिवसाच्या उजेडात बघा, ट्यूबलाइटखाली किंवा पिवळ्या बल्बखाली नाही. खालची पापणी ओढून पांढरा भाग बघायचा. रक्तातलं बिलिरुबिन, म्हणजे काविळीत साठणारं पिवळं द्रव्य, साधारण अडीच-तीनच्या वर गेलं की मगच पिवळेपणा नजरेला दिसतो, त्यामुळे डोळे पांढरे आहेत म्हणजे लिव्हर ठीक आहे असं नसतं. गाजर-पपई खूप खाणाऱ्यांचे तळहात पिवळे होतात पण डोळे पांढरेच राहतात, ती कावीळ नाही. लघवी डोळ्यांच्या आधी गडद होते, राईच्या तेलासारखी किंवा त्याहून काळपट, आणि फेससुद्धा पिवळा येतो. पाणी कमी प्यायल्यानेही लघवी पिवळी होते म्हणून दोन-तीन ग्लास पाणी पिऊन पुन्हा बघा, तरी गडदच असेल तर टेस्ट करा. टीबीच्या औषधांमधल्या रिफाम्पिसिनने लघवी केशरी होतेच, त्यांनी डोळ्यांवर लक्ष ठेवायचं.

आता क्रम आठवा, कारण डॉक्टरांना यातूनच निम्मं निदान मिळतं. व्हायरल काविळीत साधारण असं होतं की आधी दोन-चार दिवस कणकण, अंग मोडून येणं, अन्नावरची वासना उडणं, फोडणीचा वास नको होणं, मळमळ, उजव्या बरगडीखाली जडपणा, सिगरेट ओढणाऱ्याला सिगरेट नकोशी वाटणं, आणि मग लघवी गडद, मग डोळे पिवळे. आणि डोळे पिवळे व्हायला लागले की ताप उतरतो. हे फार महत्त्वाचं आहे. कावीळ दिसतेय आणि ताप तसाच चढा आहे, थंडी वाजतेय, तर साधी व्हायरल कावीळ म्हणून घरी बसू नका, तिथे डेंग्यू, मलेरिया, लेप्टो (तुंबलेल्या, घाण पाण्यातून होणारं इन्फेक्शन) किंवा पित्तनलिकेतलं इन्फेक्शन यांचा विचार आधी करावा लागतो.

एका कागदावर लिहून ठेवा: ताप कधी आला, डोळे कधी पिवळे झाले, गेल्या दोन महिन्यांत बाहेरचं पाणी, उसाचा रस, बर्फाचा गोळा, लग्नाचं जेवण कुठे झालं, घरात-शेजारी अजून कुणाला कावीळ आहे का, इंजेक्शन, सलाइन, रक्त, दातांचं काम, टॅटू झालंय का, दारू किती, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठलीही गोळी, चूर्ण, काढा, जिमची पावडर चालू आहे का. दोन महिने मागे का जायचं तर हिपॅटायटिस ए चा व्हायरस पोटात गेल्यापासून कावीळ व्हायला १५ ते ५० दिवस लागतात, ई ला दोन ते दहा आठवडे, बी ला तर एक ते सहा महिने. काल खाल्लेल्या भेळेने आज कावीळ होत नाही.

पायरी २: पहिल्याच दिवशी कुठलं रक्त द्यायचं

नुसतं "कावीळ चेक करा" म्हणून बिलिरुबिन तेवढं करून घेऊ नका. एकाच वेळी हे सगळं द्या: पूर्ण एलएफटी म्हणजे लिव्हरच्या टेस्ट (त्यात बिलिरुबिन टोटल आणि डायरेक्ट, एसजीपीटी आणि त्याचं जोडीदार एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फटेज, अल्ब्युमिन येतं), पीटी-आयएनआर, सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी, शुगर, आणि किडनीसाठी क्रिएटिनिन. बाईला दिवस गेले असण्याची थोडीही शक्यता असेल तर युरिन प्रेग्नन्सी टेस्ट, लाजायचं नाही, ते का ते पुढे सांगते.

उपाशीपोटी यायची गरज नाही. काविळीचा पेशंट आधीच उलट्यांनी गळून गेलेला असतो, त्याला टेस्टसाठी उपाशी ठेवून आणतात तेव्हा फार वाईट वाटतं. आयएनआरचं रक्त निळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात आणि ती ट्यूब खुणेपर्यंत भरलेलीच पाहिजे, कमी भरली तर आयएनआर खोटा वाढलेला दिसतो. आणि रक्त काढताना पेशी फुटल्या, म्हणजे सॅम्पल लालसर झालं, तर एसजीओटी उगाच जास्त येतं. अशा वेळी लॅबवाल्याने पुन्हा रक्त मागितलं तर चिडू नका, तो तुमच्या भल्याचंच करतोय.

पायरी ३: रिपोर्ट वाचायचा कसा

सगळ्यात आधी आयएनआर बघा. साधारण १ च्या आसपास असतो. १.५ किंवा त्याच्या वर असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे, आणि बहुतेक वेळा ॲडमिट व्हावं लागतं. रक्त गोठवणारे बरेचसे घटक लिव्हर बनवतं आणि ते काही तासांत-दिवसांत संपतात, म्हणून लिव्हर बंद पडायला लागलं की आयएनआर लगेच बोलतो. कधी कधी आयएनआर वाढलेला असतो तो पित्त अडकल्यामुळे, व्हिटॅमिन के आतड्यातून शोषलं जात नाही म्हणून. मग डॉक्टर व्हिटॅमिन के चं इंजेक्शन देतात आणि दुसऱ्या दिवशी आयएनआर परत करतात. तो खाली आला तर चांगलं, नाही आला तर लिव्हरच थकलंय.

मग एसजीपीटी आणि एसजीओटी. नॉर्मल साधारण ४० च्या आत. व्हायरल काविळीत हे सहज हजाराच्या वर जातात, दोन-तीन हजारही होतात, आणि तरी तो माणूस महिन्याभरात ठणठणीत होतो. दारूमुळे झालेल्या हिपॅटायटिसमध्ये मात्र आकडे सहसा तीनचारशेच्या आतच राहतात आणि एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुपटीहून जास्त असतं, पण पेशंट खूप सीरियस असू शकतो. म्हणजे ३०० वाला १८०० वाल्यापेक्षा जास्त आजारी. आणि आकडे एकदम पाच-दहा हजारांत गेले तर पॅरासिटामॉलचा ओव्हरडोस किंवा बीपी खूप पडून लिव्हरचा रक्तपुरवठा तुटणं, हे आधी तपासतात.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. तीन दिवसांनी रिपोर्ट परत केला, एसजीपीटी २००० वरून ३०० वर आलं, घरात आनंद. पण बिलिरुबिन वाढतंय आणि आयएनआरही वाढतोय. हा उतार नाहीये, लिव्हरमध्ये फुटायला पेशीच कमी उरल्यात म्हणून आकडा पडलाय. असा रिपोर्ट आला की मी तो पाठवून गप्प बसत नाही, डॉक्टरांना फोन करते, आणि तुम्हीही रिपोर्ट घरी ठेवून उद्याची वाट बघू नका. एसजीपीटी, बिलिरुबिन आणि आयएनआर तिन्ही खाली येतायत तरच बरं होतंय.

अल्कलाइन फॉस्फटेज हे पित्ताच्या वाटेबद्दल सांगतं. घरी करता येईल असा हिशोब आहे: तुमचं एसजीपीटी भागिले त्या लॅबची वरची मर्यादा, आणि तसंच अल्कलाइन फॉस्फटेजचं, मग पहिल्याला दुसऱ्याने भागा. समजा एसजीपीटी १२०० आणि मर्यादा ४०, म्हणजे ३०. अल्कलाइन फॉस्फटेज २४० आणि मर्यादा १२०, म्हणजे २. तीस भागिले दोन, पंधरा. उत्तर ५ किंवा जास्त आलं तर मार लिव्हरच्या पेशींवर आहे, २ किंवा कमी आलं तर पित्त कुठेतरी अडलंय, मध्ये आलं तर दोन्हीची सरमिसळ. फक्त एक लक्षात ठेवा, खडा अचानक पित्तनलिकेत अडकला की पहिल्या एक-दोन दिवसांत एसजीपीटी पण बरंच वर जातं आणि मग झपकन उतरतं, तिथे पोटात जीवघेणी कळ आलेली असते.

अल्ब्युमिन, म्हणजे लिव्हर बनवतं ते प्रोटीन, हळू बदलतं, ते निम्मं व्हायलाच साधारण वीस दिवस लागतात. म्हणून कावीळ होऊन आठवडाच झालाय आणि अल्ब्युमिन आधीच २.५ आहे तर लिव्हर आधीपासून खराब असण्याची शक्यता मोठी, नवीन आजार जुन्यावर चढलाय. आणि फक्त इनडायरेक्ट बिलिरुबिन (टोटलमधून डायरेक्ट वजा केलं की उरतं ते) थोडं वाढलेलं, २-३ च्या आसपास, बाकी सगळं नॉर्मल, तर ते हिपॅटायटिस नाहीच. बऱ्याचदा ते गिल्बर्ट सिंड्रोम असतं, जन्मापासूनचं, निरुपद्रवी, उपास केला की वाढतं. नाहीतर रक्तातल्या लाल पेशी फुटतायत का ते सीबीसीवरून बघतात.

पायरी ४: कारण शोधणं

एलएफटीवरून हिपॅटायटिस आहे हे कळतं, कुठला ते नाही. त्यासाठी या चार-पाच टेस्ट लागतात: हिपॅटायटिस ए चं आयजीएम (ताज्या इन्फेक्शनची अँटीबॉडी), ई चं आयजीएम, एचबीएसएजी (बी च्या व्हायरसचा बाहेरचा भाग), हिपॅटायटिस बी कोअरचं म्हणजे त्याच्या आतल्या भागाविरुद्धचं आयजीएम, आणि अँटी-एचसीव्ही (हिपॅटायटिस सी ची अँटीबॉडी). ए आणि ई मध्ये "आयजीएम" हा शब्द बघून घ्या, टोटल किंवा आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे पूर्वी कधीतरी होऊन गेलंय एवढंच. फार लवकर टेस्ट केली तर ई निगेटिव्ह येऊ शकतं, शंका असेल तर डॉक्टर काही दिवसांनी परत करायला सांगतात.

बी च्या बाबतीत मोठा घोळ होतो. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं की सगळे "पांढरी कावीळ निघाली" म्हणून रडायला लागतात आणि पुढच्या टेस्ट थांबतात. थांबू नका. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आणि कोअर आयजीएमही ठसठशीत पॉझिटिव्ह, तर बी चं इन्फेक्शन नवीन असण्याची शक्यता जास्त. मोठ्या माणसात असं झालं तर ९५ टक्क्यांच्या आसपास लोकांचं शरीर ते आपलं आपण घालवतं. पण कोअर आयजीएम निगेटिव्ह असेल तर बी बहुतेक जुनाच आहे आणि आत्ताची कावीळ त्यावर आलेल्या ए, ई किंवा औषधामुळे असू शकते. ते वेगळं कारण शोधायलाच हवं, कारण जुन्या बी वर ई बसला तर लिव्हर झटक्यात खचू शकतं. उलटंही होतं, नवीन बी मध्ये मधल्या काळात एचबीएसएजी निगेटिव्ह होतं आणि फक्त कोअर आयजीएमच सापडतं. म्हणून दोन्ही एकत्र. सी च्या अँटीबॉडी तयार व्हायला दोन-अडीच महिने लागू शकतात, तेव्हा सुईमुळे किंवा रक्तामुळे शंका असेल तर सी चा आरएनए, म्हणजे थेट व्हायरस शोधणारी टेस्ट, करतात.

पाण्यातून येणारी कावीळ म्हणजे किरकोळ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. दिल्लीत १९५५-५६ मध्ये यमुनेचं गटारमिश्रित पाणी नळाला आलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली, ती हिपॅटायटिस ई ची होती हे खूप नंतर साठवलेल्या सॅम्पलवरून कळलं. आपल्याकडे इचलकरंजीत २०१२ मध्ये अशीच मोठी साथ आली, माणसं गेली. गरोदर बाईला, खास करून शेवटच्या तीन महिन्यांत, हिपॅटायटिस ई झाला तर काही साथींमध्ये दर चार-पाच जणींतली एक दगावलीय. म्हणून गरोदरपणात डोळे पिवळे झाले की घरगुती काही न करता सरळ मोठ्या हॉस्पिटलला. शिवाय गरोदरपणाचेच लिव्हरचे वेगळे आजार असतात, बीपी वाढून प्लेटलेट पडणारे, लिव्हरमध्ये चरबी साचणारे, त्यात वेळेत बाळंतपण करणं हाच उपचार असतो.

पायरी ५: व्हायरस सगळे निगेटिव्ह आले तर

इथे बरेच लोक थांबतात आणि "साधी कावीळ" म्हणून सोडून देतात. कारण असतंच, शोधायचं राहिलेलं असतं.

डेंग्यूत एसजीओटी हे एसजीपीटीपेक्षा जास्त वाढतं आणि प्लेटलेट पडतात, पण डोळे फारसे पिवळे होत नाहीत. लेप्टोमध्ये उलट, डोळे पिवळेजर्द आणि लालही, पोटऱ्या खूप दुखतात, बिलिरुबिन १५-२० आणि एसजीपीटी मात्र शंभर-दोनशे, सोबत क्रिएटिनिन वाढलेलं. कोकणात भातलावणीनंतर किंवा मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालल्यावर असा रिपोर्ट आला तर पहिला विचार लेप्टोचाच. त्याला अँटिबायोटिक आहे, म्हणून उशीर करायचा नाही. मलेरियाचा स्मिअर (काचेवर रक्त पसरून जंतू बघायची टेस्ट) तर तापाच्या प्रत्येक काविळीत करावा असं माझं मत.

औषधं. टीबीचा एकेटी कोर्स चालू असताना मळमळ, उलटी, भूक मेली असं झालं तर डोळे पिवळे व्हायची वाट न बघता एलएफटी करा. त्रास होतोय आणि एसजीपीटी नॉर्मल मर्यादेच्या तिपटीच्या वर, किंवा काही त्रास नसला तरी पाचपटीच्या वर, तर डॉक्टर गोळ्या थांबवतात आणि मग एकेक करून परत सुरू करतात. आपण आपल्या मनाने कायमचा कोर्स सोडायचा नाही. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नकोच, आणि सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही ते असतं, त्यामुळे नकळत डबल डोस होतो. कुणी एकदम खूप गोळ्या खाल्ल्या असतील तर त्यावर एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, आठ तासांच्या आत दिला तर फार चांगला लागू पडतो, त्यामुळे "बघू, सकाळी नेऊ" म्हणायचं नाही. उंदीर मारायची पेस्ट पोटात गेली असेल तर पहिले एक-दोन दिवस माणूस बरा दिसतो आणि मग लिव्हर बसतं, पिवळ्या फॉस्फरसला असा उतारा नाही. घरात भांडण झालं असेल, पोरगं गप्प असेल, तर मायेने विचारा आणि डॉक्टरांना खरं सांगा, लपवण्यात जीव जातो.

आयुर्वेदिक आहे म्हणजे लिव्हरला काही होत नाही हा समजही सोडा. कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा रोज पिणाऱ्या काही पेशंटना लिव्हरची सूज आल्याचं मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलं, त्यावर वादही झाला, पण पिशवीतल्या सगळ्या बाटल्या डॉक्टरांपुढे ठेवण्यात तुमचं काही जात नाही.

तरुण मुला-मुलीला, पस्तिशीच्या आतल्या, अचानक कावीळ, हिमोग्लोबिन पडलेलं आणि अल्कलाइन फॉस्फटेज चक्क कमी, असं दिसलं तर विल्सन डिसीज म्हणजे शरीरात तांबं साठण्याचा आजार तपासतात, सेरुलोप्लाझ्मिनची टेस्ट आणि डोळ्यांची तपासणी करून. बायकांमध्ये ऑटोइम्यून हिपॅटायटिस, म्हणजे शरीर स्वतःच्याच लिव्हरवर हल्ला करतं तो, जास्त असतो, त्याला एएनए, एएसएमए या अँटीबॉडीच्या टेस्ट आणि आयजीजीची लेव्हल. लिव्हरचा तुकडा काढून तपासायची वेळ क्वचित येते, ती अशाच केसमध्ये.

पायरी ६: सोनोग्राफी

एकदा करावीच, पण ती कशासाठी ते समजून घ्या. पित्तनलिका फुगलीय का, खडा-गाठ आहे का, लिव्हर आधीपासून खडबडीत आहे का, पोटात पाणी आहे का. अक्यूट हिपॅटायटिसमध्ये पित्ताशयाची भिंत सुजलेली दिसते, ती लिव्हरमुळेच असते आणि बरं झाल्यावर जाते. तेवढ्यावरून "पित्ताशय काढून टाका" असं कुणी म्हणालं तर एसजीपीटी हजारात असताना ऑपरेशन करायच्या आधी लिव्हरच्या डॉक्टरांचं मत घ्याच.

पायरी ७: रात्री-अपरात्रीही हॉस्पिटल गाठायचं ते कधी

दिवसा झोपतो आणि रात्रभर जागा असतो, चिडचिड करतो, नावं विसरतो, वेड्यासारखं उत्तर देतो, हात पुढे करून पंजे वर धरायला सांगितले की ते फडफडतात. ही लक्षणं म्हणजे लिव्हरचा परिणाम मेंदूवर होतोय. आधी लिव्हरचा आजार नव्हता, आयएनआर १.५ च्या वर आहे आणि हे चालू झालं, याला अक्यूट लिव्हर फेल्युअर म्हणतात, काही तासांत बेशुद्धी येऊ शकते. झोप लागत नाही म्हणून झोपेची गोळी अजिबात देऊ नका. तिथल्या तिथे शुगर तपासा, ती पडलेली असू शकते. शक्यतो जिथे लिव्हर ट्रान्सप्लांटची सोय आहे अशाच ठिकाणी न्या, कारण लागलंच तर ठरवायला फार थोडा वेळ असतो. याशिवाय पाणीही पोटात टिकत नाही, नाका-हिरड्यांतून रक्त, काळी शी, लघवी कमी, पोट फुगलंय, यातलं काहीही असलं तरी त्याच रात्री निघायचं.

पायरी ८: घरी राहायला सांगितलंय तेव्हा

पोटाला झेपेल ते सगळं खा. तेल-तूप-हळद पूर्ण बंद, नुसतं उसाच्या रसावर पेशंट, असं करून अशक्तपणाच वाढतो, आणि गाड्यावरचा रस तर नवीन इन्फेक्शन आणू शकतो. भात-वरण, दही, अंडं, फळं, थोडं थोडं पण वरचेवर. दारू पूर्ण बंद. तापाला-दुखण्याला कुठलीही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

काविळीवर माळ घालणं, चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी काढणं, मनगटावर डाग देणं, नाकात थेंब टाकणं, हे आपल्याकडे घरोघरी चालतं आणि करणारे आपलेच जवळचे असतात. ए आणि ई ची कावीळ बहुतेकांची चार-सहा आठवड्यांत आपोआप जाते, म्हणून माळेला यश मिळतं. पिवळं पाणी वनस्पतीचा रस आणि चुना एकत्र आले की होतं, निरोग्याचे हात धुतले तरी होईल. आजीच्या समाधानासाठी माळ घातलीत तर मी भांडणार नाही, पण डाग आणि नाकातले थेंब नकोच, आणि आयएनआर चुकवायचा नाही.

टेस्ट किती वेळा परत करायच्या? पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन दिवसांनी एलएफटी आणि आयएनआर, आकडे उतरायला लागले की आठवड्यातून एकदा. बिलिरुबिन सगळ्यात शेवटी उतरतं, आयएनआर वाढत नसेल तर डोळे पिवळे आहेत म्हणून घाबरू नका. काहींना हिपॅटायटिस ए मध्ये महिना-दोन महिने खाज आणि कावीळ रेंगाळते, काहींना बरं होऊन परत एकदा आकडे वाढतात, तेही बहुतेक जातं.

घरातल्यांसाठी: पाणी खळखळून उकळा, निदान एक मिनिट उकळी राहू द्या. पेशंटने सध्या इतरांसाठी स्वयंपाक करायचा नाही, संडासनंतर साबणाने हात. लहान मुलांना आणि ज्यांना ए होऊन गेलेला नाही त्यांना ए ची लस मिळते, लवकर दिली तर संपर्कानंतरही उपयोग होतो. बी निघाला असेल तर नवरा-बायको, मुलं सगळ्यांची एचबीएसएजी करा आणि निगेटिव्ह आहेत त्यांना लस द्या. पेशंटचं एचबीएसएजी सहा महिन्यांनी परत करायचं, तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहा कारण बरं वाटायला लागलं की कुणी येत नाही. तेव्हाही पॉझिटिव्ह असेल तर ते जुनाट झालंय. बी आणि सी च्या टेस्ट आणि औषधं राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून सरकारी केंद्रांवर फुकट मिळतात, जिल्हा रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजमध्ये चौकशी करा आणि जाताना जुने सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून न्या.